कामाशिवायची फेरी



या अंकात सायकलवरच्या भटकंतीला पानं द्यायची असं ठरलं, तेव्हा आमच्या बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली. पोटगीचे दावे वर्षानुवर्षं लोंबकळतायत, मारहाणीच्या केसेस थांबत नाहीत, रेशनपासून रोजगार हमीपर्यंत सगळीकडे बाया खेटे घालतायत आणि आपण बेटांवर सायकली फिरवायच्या गोष्टी करायच्या? ही चैन आपल्याला परवडते का, असा सरळ सवाल होता.

आक्षेप रास्त आहे. पण ‘चैन’ हा शब्द आपण कुणाकुणाच्या तोंडून ऐकत आलो, तेही आठवून पाहावं. बाईने दुपारी अर्धा तास पडावं ही चैन, मैत्रिणीकडे विनाकारण जावं ही चैन. २०२४ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरच्या बिनमोल कामात बाई दिवसाला २८९ मिनिटं घालवते आणि पुरुष ८८. हा हिशेब आपण भाषणांत नेहमी मांडतो, श्रमाचं मोल मागतो. मात्र त्या २८९ मिनिटांपैकी काही मिनिटं मोकळी झाली तर बाईने त्यांचं काय करायचं, यावर आपण फारसं बोलत नाही. बहुतेकदा उत्तर तयारच असतं : बचत गट, मीटिंग, मोर्चा. म्हणजे पुन्हा कामच!

सायकलीचंच बघा. मुलींच्या हातात सायकल यावी म्हणून आपल्या देशात बरंच काही झालं. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ पासून साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायांनी सायकल शिकण्याची लाटच आली. लाखभर बाया सायकलवर बसल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे, आणि पैशांचा फायदा झाला तरी बायांच्या लेखी स्वाभिमानाचं मोल जास्त होतं, हे त्यांनी आवर्जून नोंदवलं आहे. बिहारमध्ये २००६ साली शाळकरी मुलींना सायकली देण्याची योजना आली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या मुलींना सायकली मिळाल्या. या सगळ्याचं मोल मोठं आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण प्रत्येक ठिकाणी सायकल मिळाली ती कशासाठी तरी. शाळेसाठी, दवाखान्यासाठी, पाण्यासाठी, बाजारासाठी. बाईच्या सायकलीला कायम एक पिशवी अडकवलेली असते. शाळा संपली, लग्न ठरलं, की सायकल भावाकडे जाते, कारण आता ‘तिला कुठे जायचंय?’

कुठेच जायचं नसताना सायकल चालवणारी बाई लोकांना खुपते. मर्झिये मेश्किनी या इराणी दिग्दर्शिकेचा २००० सालचा ‘द डे आय बिकेम अ वुमन’ हा चित्रपट आपल्यातल्या काहीजणींनी पाहिला असेल. त्यातली मधली गोष्ट किश बेटावर घडते. समुद्रकाठच्या रस्त्यावर काळ्या चादरी घेतलेल्या बायांची सायकल शर्यत चालू आहे. त्यातल्या आहूच्या मागे आधी नवरा घोड्यावरून येतो, मग तलाक द्यायला मुल्ला, मग वडीलधारे, शेवटी भाऊ. ती पॅडल मारत राहते. तिला कुठे पोहोचायचं आहे हे चित्रपट सांगत नाही, आणि त्याच्याशी कुणाला देणंघेणंही नाही. ती चालली आहे, एवढंच त्या पुरुषांना सोसत नाही. पुढे २०१६ साली त्याच देशाच्या सर्वोच्च धर्मनेत्याने बायांनी चारचौघांत सायकल चालवू नये असा फतवा काढला.

आपल्याकडे असा फतवा निघालेला नाही. आपल्याकडे ‘एवढी मोठी झाली आणि सायकल?’ एवढ्या वाक्यावर भागतं. ज्यांनी लहानपणी भाड्याच्या मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून शिकून घेतलं, त्यांच्यातल्या किती जणी तिशीनंतर सायकलवर बसल्या, हे आपापल्या गटात विचारून बघा. अमेरिकेत दारूबंदी आणि मताधिकार चळवळीची पुढारी असलेली फ्रान्सिस विलार्ड वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकली आणि १८९५ साली तिने त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. दारूबंदीचं काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही.

तर मोठ्या रस्त्यावर ट्रक आणि टोळकी, गावात नजरा, मग बाईने सायकल चालवायची कुठे? आमच्या मते सुरुवात करायला बेटं फार चांगली. त्यातही आपल्याला जवळची म्हणजे गोव्यात मांडवी नदीतली दिवाडी आणि चोडण. आम्ही हा मार्ग सुचवतोय तो निसर्गसौंदर्यासाठी नव्हे (तेही आहेच). तिथली फेरीबोट हा आमच्या सांगण्याचा खरा विषय आहे.

मार्ग असा. कोकण रेल्वेने करमळीला उतरावं, जुनं गोवं तिथून जवळच. सायकल गाडीच्या सामानाच्या डब्यातून बुक करून आणता येते, नाहीतर गोव्यात भाड्याने घ्यावी. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीबोट लागलेली असते. सायकलवरून उतरायचं, हाताने ढकलत बोटीवर चढवायची. उतार शेवाळलेला असतो, तेव्हा चपला सांभाळून. पाच-सात मिनिटांत दिवाडी. तिथे उतरलं की रस्ता खाजनातून जातो. दोन्ही बाजूंना सखल शेतं, बांध, भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मानशी. ही शेती खाऱ्या पाण्याला बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या राखलेली आहे, आणि तिच्यातल्या लावणी-कापणीत बायांचे हात किती, हे सांगायला नको. मग पिएदादचा चढ. चढावर सरळ उतरून चालावं, त्यात कमीपणा नाही. वर चर्चपाशी थांबलं की सगळी नदी खाली दिसते. पलीकडे उतरून दुसऱ्या धक्क्यावरून फेरीने डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला जाता येतं. दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगीज काळात पाडलं गेलं, देव नदीपार नेला गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. शाळेत शिकलेलं हे वाक्य नदी ओलांडताना नीट कळतं.

नार्व्याहून पिळगावच्या बाजूने रस्त्याने चोडण. चोडणच्या टोकाला खारफुटीत १९८८ साली जाहीर झालेलं सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. ते सगळं मिळून पावणेदोन चौरस किलोमीटरचं. त्याच्या जवळच्याच धक्क्यावरून फेरीने रायबंदर, आणि नदीकाठच्या सपाट रस्त्याने परत जुनं गोवं. सवय असलेलीला एक दिवस पुरतो. नसलेलीने फक्त दिवाडी करावी, संध्याकाळी त्याच बोटीने परत यावं. थंडीचे दिवस बरे. पावसात मजा वेगळी, पण जोराच्या पावसात आणि ओहोटीला फेऱ्यांचं वेळापत्रक कोलमडतं.

आता फेरीबोटीविषयी. ही खाजगी बोट नव्हे, सरकारच्या नदी परिवहन खात्याची आहे. पायी येणाऱ्याला तिकीट नाही. मासळीची टोपली घेतलेली बाई, कॉलेजची मुलगी, ड्यूटी संपवून आलेली नर्स, मोटारीतला साहेब, सगळे एकाच लोखंडी तळावर उभे असतात. ‘कुठे जायचंय, कशाला जायचंय’ असं तिथे कुणी विचारत नाही, कारण फेरीवर उभं राहण्यासाठी कारण लागत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ सालच्या पुस्तकात मुंबईतल्या बायांच्या उगाच रेंगाळण्याच्या हक्काची मांडणी केली. त्यांच्या मते सुरक्षितता मागताना आपण मोकळेपणा गमावतो. या बोटीवर निदान पाच-सात मिनिटं तो हक्क न मागता मिळतो. सार्वजनिक सोय फुकट किंवा स्वस्त असली की तिचा पहिला फायदा, जिच्या पर्समध्ये स्वतःचे पैसे नसतात तिला होतो. नवऱ्याकडे दहा रुपये मागायचे म्हणजे कारण सांगणं आलंच.

म्हणूनच २०२३ साली फेरीवर दुचाकींना तिकीट लावायचं ठरलं, तेव्हा बेटांवरच्या लोकांनी जो विरोध केला तो आपल्याही जिव्हाळ्याचा विषय होता. सरकारला तो निर्णय स्थगित ठेवावा लागला. रोज दोनदा नदी ओलांडणाऱ्याला दहा रुपये म्हणजे काय, हे हिशेब करून पाहिलं की कळतं. गोव्याला फेरीचं मोल एकदा चांगलंच समजलं होतं. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, आणि त्यानंतर पणजी-बेतीचा भार याच बोटींनी वाहिला. २०२५च्या जुलैत रायबंदर-चोडण मार्गावर मोठ्या रो-रो बोटी आल्या. सोय वाढली तर आनंदच आहे. पण मोठ्या बोटीवर मोटारी जास्त मावतात, म्हणून चालणाऱ्या बाईची जागा आक्रसत नाही ना, यावर लक्ष ठेवायला हवं.

याच नदीत, थोडं खाली पणजीसमोर, जुगाराच्या बोटी नांगर टाकून उभ्या आहेत. पर्यटन म्हटलं की आपल्या राज्यकर्त्यांना ते दिसतं. गोव्यातल्या ‘बायलांचो साद’सारख्या संघटना जुगाराविरुद्ध आणि पर्यटनाच्या नावाखाली बाईचं जे चित्र विकलं जातं त्याविरुद्ध बोलत आल्या आहेत. सायकल-पर्यटन त्यापेक्षा निरुपद्रवी दिसतं, आणि आहेही. तरी आम्हाला एक शंका आहे. बाहेरून आलेली पाहुणी हेल्मेट घालून बेट फिरणार, फोटो काढणार, आणि बेटावरची बाई तिला चहा करून देणार, एवढंच होणार असेल तर फुरसत एकीची आणि काम दुसरीचं, ही जुनीच वाटणी झाली. त्यात आपणही ‘पाहुणी’च असू, हे ध्यानात ठेवून जायला हवं. बेटांना पूल हवा की नको, यावरही बाहेरच्यांनी पटकन मत देऊ नये. आपल्याला फेरी रम्य वाटते. रात्री शेवटची बोट गेल्यावर जिला कळा सुरू होतात, तिला काय वाटतं ते तिलाच विचारावं लागेल.

म्हणून गटांना आमची सूचना अशी. जायचंच तर स्थानिक बायांना आधी भेटा, त्यांच्या मुलींना बरोबर घ्या, ज्यांना सायकल येत नाही त्यांना बेटावरच्या सपाट रस्त्यावर शिकवा. एक दुपार पुरते, गुडघे थोडे फुटतात. सहलीला एखादा ‘विषय’ जोडू नका. चर्चासत्र नको, अहवाल नको. हे वाचून काहीजणी वैतागतील, पण एक दिवस तरी पिशवीशिवाय सायकल चालवून पाहावी, असा आमचा आग्रह आहे.

काम करायचंच असेल तर ते परत आल्यावर आहे. धक्क्यांवर बायांसाठी स्वच्छतागृह होतं का, उघडं होतं का, पाणी होतं का, शेवटच्या फेरीच्या वेळी दिवे लागलेले होते का, हे पाहून ठेवा. नदी परिवहन खात्यात बोटींवर किती बाया नोकरीला आहेत, हा प्रश्न माहिती अधिकारात विचारता येईल. कोकणातल्या खाड्यांवर, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी, सायकल घेऊन फेरीने गेलेल्या मैत्रिणींनीही तिथली हकीकत पाठवावी. तिथे तिकीट किती पडलं, सायकलीचं वेगळं घेतलं का, आणि एकट्या बाईला कुणी ‘बरोबर कोण आहे?’ असं विचारलं का, तेही लिहावं. मजकूर पुढच्या अंकाचं काम सुरू होण्याआधी आमच्या हाती पडला तर बरं.