कृमीच्या देहातील मिरासदार

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या बाजूच्या गावांतून आरोग्यसेवक घरोघर जाऊन डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या लोकांना समक्ष गिळायला लावतात, त्याला आता दोन दशके लोटली. तरीही हत्तीरोगाचा हिशेब पुनःपुन्हा नव्याने मांडावा लागतो, आणि त्याचे सारे खापर लोकांच्या टाळाटाळीवर फोडणे मला न्याय्य वाटत नाही. या गोळ्यांनी मुख्यतः मरतात ती रक्तात हिंडणारी कृमींची पिले, ज्यांच्या शोधासाठी रात्री दहानंतर निजलेल्या माणसांना उठवून त्यांच्या बोटातून रक्त घ्यावे लागते. लसीकावाहिन्यांत ठाण मांडून बसलेली, दोऱ्याएवढी बारीक आणि आठ-दहा सेंटिमीटर लांबीची त्यांची जन्मदात्री मात्र पुष्कळदा शाबूत राहते, पाच-सहा वर्षे जगते, आणि औषधाचा अंमल ओसरला की पूर्ववत् प्रजोत्पादनास लागते.

ही मादी एकटी नांदत नाही. तिच्या त्वचेखालील पेशींत आणि बीजकोशात वॉल्बाकिया नावाचे जिवाणू वस्ती करून असतात व अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतात. १९२४ साली हर्टिग आणि वॉल्बाक या संशोधकांनी हे जिवाणू प्रथम पाहिले ते क्यूलेक्स डासात, आणि १९३६ साली हर्टिगने त्यांना आपल्या सहकाऱ्याचे नाव दिले. कृमींच्या देहातही तसेच काही आहे, हे १९७० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते; परंतु कृमितज्ज्ञांचे दफ्तर निराळे आणि जिवाणुतज्ज्ञांचे निराळे, तेव्हा पुढची जवळजवळ वीस वर्षे त्या निरीक्षणाकडे ज्या गांभीर्याने पाहायला हवे होते त्या गांभीर्याने कोणी पाहिले नाही.

हत्तीरोगाच्या कृमीची भाऊबंद जी ब्रुगिया मलयी, तिच्यातील जिवाणूचा जनुकसंच २००५ साली वाचला गेला तेव्हा या सहवासाच्या व्यवहाराचा तपशील हाती आला: कृमीला स्वतः बनविता न येणारे लोहयुक्त हीम आणि रायबोफ्लेव्हिन बनविण्याची सामग्री जिवाणूपाशी आहे, तर अमिनो आम्लांसाठी त्याला बहुतांशी यजमानाच्याच तोंडाकडे पाहावे लागते, असे अनुमान त्यावरून निघाले. ज्याला उठवून लावले तर घरधन्याचाच संसार मोडावा, असा हा मिरासदार आहे. सर्वच फायलेरिया-कृमींची ही तऱ्हा नाही; आफ्रिकेतील लोआ लोआ या कृमीचे वॉल्बाकियावाचून काही अडत नाही.

डासाच्या घरी मात्र याच जातकुळीच्या जिवाणूचे वर्तन अरेरावीचे आहे. जिवाणू बाळगणाऱ्या नराचा जिवाणूरहित मादीशी संयोग झाला तर अंडी फुकट जातात. जिवाणू बाळगणाऱ्या मादीची अंडी मात्र दोन्ही प्रकारच्या नरांपासून फळतात, आणि अशा रीतीने वॉल्बाकिया आपली वहिवाट साऱ्या डासवस्तीवर बसवितो. डासांतील या विसंगतीचा उपयोग करून हानेस लावेन यांनी १९६७ साली ब्रह्मदेशातील ओक्पो गावात विजातीय नर सोडून क्यूलेक्स डासांची वस्ती मोडून दाखविली. तेव्हा जिवाणू मित्र की शत्रू, हा प्रश्न यजमानाचे नाव घेतल्यावाचून विचारण्यातच अर्थ नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त आणि सर्वपरिचित प्रतिजैविक चार ते सहा आठवडे रोज दिले असता कृमीतील वॉल्बाकिया नष्टप्राय होतात. मग मादीच्या पोटातील गर्भांची वाढ खुंटते, रक्तातील पिले काही महिन्यांत ओसरत जातात, आणि पुढे वर्ष-दीड वर्षात अनेक प्रौढ कृमीही मरतात. हे सारे सावकाश घडते हा त्यातला गुण आहे, कारण पिले एकदम मेली म्हणजे त्यांच्यातील जिवाणू रक्तात सांडतात आणि गोळ्या घेतल्यावर येणाऱ्या तापाला तेही कारण होतात. या औषधाने आधीच सुजलेला पाय पूर्ववत् होईल, अशी आशा मात्र कोणी धरू नये. त्याला साबणपाण्याने रोज धुणे, नीट कोरडा करणे आणि जखमा जपणे हाच उपाय आजही प्रमुख आहे.

गर्भवतींना आणि आठ वर्षांखालील मुलांना हे औषध द्यावयाचे नाही असा शिरस्ता आहे, आणि सबंध गावाला महिनाभर प्रतिजैविक चारणे हा वेडेपणाच ठरेल. त्यामुळे सामुदायिक मोहिमेत त्याला जागा नाही, हे आरोग्य खात्याचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु रात्रीच्या रक्ततपासणीत ज्यांच्या रक्तात पिले सापडतात, ती माणसे गावागणिक मोजकीच असतात, आणि मोहिमेच्या अखेरच्या टप्प्यात ती आणखी मोजकी होत जाणार आहेत. क्षयाच्या रोग्याला सहा महिने औषध देऊन त्याच्या नावासमोर रोजची नोंद ठेवण्याचा बंदोबस्त जे खाते आशाताईंकरवी करू शकते, त्याला या मूठभर माणसांकरिता सहा आठवड्यांची तजवीज करता येऊ नये, याला अडचण म्हणवत नाही. ती अनास्था आहे.