एकाच बंदराच्या दोन बातम्या

30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. सुमारे 76 हजार कोटींचा प्रकल्प आणि समुद्रात भराव घालून तयार करायची 1,448 हेक्टर जमीन. पालघर जिल्ह्याच्या इतिहासात याहून मोठी बातमी क्वचितच झाली असेल. पण त्याच व्यासपीठावरून पंतप्रधानांनी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर कोसळलेल्या शिवपुतळ्याबद्दल माफी मागितली आणि देशभरच्या मोबाइलवर तीच झळकली. बंदर मागे पडले.

याच जिल्ह्यातल्या वसई-विरारमध्ये मात्र ते मागे पडले नाही, वाटले गेले. विरार पूर्वेला भाड्याने राहणारा आणि बोईसरकडे एखादी जागा घ्यावी का याचा अंदाज घेणारा चाकरमानी यूट्यूबवर ‘वाढवण’ असे टाकतो. एनए प्लॉटचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, की दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर तसेच आणखी येतात: ड्रोनमधून दिसणारी मोकळी जमीन, भाव किती वाढणार याचे आकडे, साइट व्हिजिटची आमंत्रणे. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातला तरुण तोच शब्द टाकतो. त्याने आधी मच्छीमार संघटनांच्या सभा पाहिलेल्या असतात, म्हणून त्याला ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा, काळे झेंडे आणि पापलेटच्या प्रजननक्षेत्राविषयीची भाषणे दिसत राहतात. दोघांच्या घरांत अंतर दहा-पंधरा किलोमीटरचे. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने 1998 मध्ये हे बंदर नाकारले होते, हे पहिल्याच्या कानावर येत नाही. त्याच प्राधिकरणाने जुलै 2023 मध्ये अटी घालून परवानगी दिली, त्या अटी कोणत्या, हे दोघांनाही धड ठाऊक नसते.

भाषेमुळे ही वाटणी आणखी पक्की होते. नालासोपाऱ्यात हिंदीत बातम्या पाहणाऱ्याला लखनौ-पाटण्याचे राजकारण रोज घरबसल्या मिळते. आपल्याच तालुक्यातल्या हरित पट्ट्याचा, पाण्याचा वाद मराठी पानांवर चालतो, तो त्याच्या पडद्यावर उमटतच नाही. उलट, टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या चाळींचे हाल गावठाणातल्या मराठी वाचकापर्यंत पोचत नाहीत.

विरार लोकलच्या डब्यात पूर्वी एकाचे वर्तमानपत्र चौघे वाचायचे. कोणी क्रीडापान काढून घ्यायचा, कोणी अग्रलेखावर हुज्जत घालायचा आणि भाईंदर येईपर्यंत डब्यात दोन तट पडायचे. त्या वर्तमानपत्रालाही आपला कल असेच. तरी समोरचा काय वाचतो आहे, ते दिसायचे. आज त्याच डब्यात शेजाऱ्याच्या पडद्यात डोकावणे असभ्यपणाचे ठरते.

याचा सगळा दोष यंत्रावर ढकलणे मात्र चूक आहे. 2011 मध्ये एली पॅरिसर यांनी ‘फिल्टर बबल’, म्हणजे आपल्या आवडीपुरत्याच मजकुराचा बुडबुडा, हा शब्द रूढ केला, तेव्हा तसाच सूर होता. 2015 मध्ये फेसबुकच्याच संशोधकांनी आपल्या अमेरिकेतल्या एक कोटीहून अधिक वापरकर्त्यांची माहिती तपासली. अल्गोरिदममुळे विरोधी मताच्या बातम्या कमी होत होत्या, पण थोड्याच. मुळात कोणाशी मैत्री जोडली आहे, याचा परिणाम त्याहून मोठा होता. 2020 च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात 23 हजारांहून अधिक लोकांच्या फेसबुकवर समविचारी मजकूर तीन महिने सुमारे एक तृतीयांशाने कमी केला गेला. त्यांची राजकीय मते मोजण्याइतकीही बदलली नाहीत, असे 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

हे निष्कर्ष मोलाचे आहेत, पण ते पक्क्या झालेल्या पक्षनिष्ठांविषयीचे आहेत. वाढवणबद्दल वसईकराचे मत अजून घडायचे आहे. जिथे मतच नाही, तिथे पहिल्या चार व्हिडिओंचे वजन फार मोठे असते. त्यातून माणूस कडवा होईल न होईल, पण आपल्या गावासमोर काही प्रश्न आहे, हेच त्याला कळत नाही. कडवेपणापेक्षा हे नुकसान मोठे आहे, कारण त्यावर भांडणसुद्धा होत नाही.

मत घडण्याआधी पोचलेली बातमी काय करते, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. 16 एप्रिल 2020 च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. परिसरात चोर फिरत असल्याच्या अफवा आधीच पसरल्या होत्या. चित्रफिती बाहेर आल्यावर देशभर या घटनेला धार्मिक रंग चढला. 22 एप्रिलला राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या 101 जणांची यादी जाहीर केली आणि त्यांत एकही मुस्लिम नसल्याचे सांगितले. पहिला अर्थ ज्यांच्या मोबाइलवर पोचला होता, त्या सगळ्यांपर्यंत ही यादी पोचवण्याची सोय कुठेच नव्हती.

युरोपीय संघात ऑगस्ट 2023 पासून सर्वांत मोठ्या समाजमाध्यमांना वापरकर्त्याची आवडनिवड न पाहता मजकूर दाखवण्याचा पर्याय द्यावा लागतो. इथे ती खटपट वाचकालाच करावी लागते. यूट्यूबवर पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास पुसून बंद ठेवला, तर मुखपृष्ठावर शिफारशी येत नाहीत. मग ‘वाढवण’च्या जोडीला वरोर, धाकटी डहाणू, सातपाटी ही किनाऱ्यावरच्या गावांची नावे विरारकराने टाकून पाहावीत. अर्नाळ्याच्या तरुणाने रोजगाराचा सरकारी दावा आणि प्राधिकरणाच्या अटी शोधाव्यात. प्राधिकरणाचा निकाल तर दोघांनीही मुळातून वाचायला हवा.