शिरोळची लग्ने कोणी नोंदवली?

‘आपल्याकडे नोंदीच नव्हत्या’ हे पालुपद आता पुरे. 1538 मध्ये थॉमस क्रॉमवेलच्या आदेशाने इंग्लंडमधील गावोगावची चर्चे बाप्तिस्मा, विवाह आणि दफन नोंदवू लागली. त्या वह्यांवर तिथल्या खेड्यांचा इतिहास उभा राहिला. मित्रहो, कृष्णा-पंचगंगेच्या या मुलखात सुगीनंतर हेळवी दारी येतो, घराण्याची वंशावळ वाचतो, नवी नावे लिहून घेतो आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जातो. त्याला आपण भिक्षेकरी ठरवून साधनांच्या यादीतून वगळले! त्याच्या वंशावळी पुरुषकेंद्री आहेत, मान्य. बखरी वेगळ्या आहेत काय? 2005, 2019, 2021 : तीन महापुरांनी शिरोळ तालुक्यातील घरे बुडवली. ज्यांचे कागद पाण्यात गेले, त्यांनी पणजोबाचे नाव हेळव्याखेरीज कोणाला विचारावे?