लेकीला साइटवर जाऊ द्या

मुलगी सिव्हिल इंजिनिअर झाली की घरातून सल्ला ठरलेला: "ऑफिसात डिझाइनचं काम बघ, साइटची धूळ कशाला?" आईबाबांनो, कळकळीची विनंती आहे, एवढा सल्ला देऊ नका.

संगणकावर इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायला आज पुष्कळ मुली शिकतात आणि उत्तम करतात. सांडपाण्याचा पाइप बीमला आडवा येतोय, हे ते मॉडेल स्लॅब पडायच्या आधीच दाखवतं. पण प्लंबर, सेंटरिंगवाला आणि फिटर यांना एकत्र उभं करून पाइपची वाट बदलून घेणारं साइटवर कुणी नसेल, तर काँक्रीट पडून जातं. मग ब्रेकर आणून बीम फोडतात, कधी आतली सळईसुद्धा कापतात. इमारत तिथे कमजोर होते. हे वेळीच अडवणाऱ्याच्या हाती पुढे प्रकल्प येतो. रेडीमिक्सची गाडी आली की शंकूतून काढलेला काँक्रीटचा ढीग किती खचला ते मोजायचं आणि पाणी जास्त वाटलं तर गाडी परत धाडायची, ही धमक टेबलाशी बसून येत नाही.

मुलींसाठी ही वाट नवी नाही. शकुंतला भगत १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या. आयआयटी मुंबईत त्यांनी शिकवलं, मग पती अनिरुद्ध यांच्यासह क्वाड्रिकॉन ही कंपनी काढली. पोलादाचे ठरावीक मापाचे सुटे भाग कारखान्यात करायचे आणि जागेवर नेऊन जोडायचे, ही त्यांची पूल बांधायची पद्धत. १९७२ मध्ये हिमाचलातल्या दुर्गम स्पितीत असे पूल उभे राहिले.

ठेकेदारांनो, साइटवर स्वच्छतागृह देऊन तुम्ही उपकार करत नाही. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्यानेच ते बंधनकारक केलं; ५० हून अधिक स्त्रिया कामावर असल्या तर लहान मुलांसाठी खोलीही. तहान मारून दिवस काढणारी इंजिनिअर आणि घमेली वाहणारी बाई, दोघींची अडचण एकच आहे.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू असेल तर सभेत विचारा: साइटवरच्या इंजिनिअर बाईंना काम थांबवायचा अधिकार लेखी दिलाय का? आणि त्या ड्रॉइंग घेऊन समोर उभ्या असताना "साहेब कुठे आहेत?" असं विचारू नका.