पितृपंधरवड्यात बाजार खरंच बंद पडतो का? बीडच्या खिशातून समजून घेऊ

पितरं बसली की सोनं घ्यायचं नाही, गाडी काढायची नाही, घराचा व्यवहार करायचा नाही. हे आपण सगळ्यांनी घरात ऐकलेलं असतं. त्यामुळं भाद्रपदातले हे १५ दिवस म्हणजे बाजाराची मंदी, असं समीकरण दरवर्षी बातम्यांमधून मांडलं जातं.

२०२५ मध्ये ८ ते २१ सप्टेंबर हा पितृपक्ष होता. पण त्या वर्षी नुसती पितरंच आडवी आली नाहीत. जीएसटीची कपात आली, सोन्याची भाववाढ आली आणि बीड जिल्ह्यात तर पूर आला. त्यामुळं लोक खरेदी का थांबवतात आणि थांबल्यानं कुणाचं काय होतं, हे समजून घ्यायला ते वर्ष चांगलं आहे.

आधी एक गंमत बघा

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो. भुताखेतांचे कपडे, कोरलेले भोपळे, मुलांना वाटायची चॉकलेटं. तिथल्या किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा अंदाज होता की २०२५ मध्ये या सणावर १३.१ अब्ज डॉलर खर्च होतील. आपल्या रुपयांत हा आकडा एक लाख कोटींच्या वर जातो.

म्हणजे तिकडं भुतांच्या नावानं बाजार भरतो आणि आपल्याकडं पितरांच्या नावानं बाजार ओस पडतो, असं वरवर दिसतं. भोपळा दोन्हीकडं आहे. तिकडं तो कोरून दारात ठेवतात, इकडं त्याची भाजी होऊन पितराच्या ताटात जाते. आणि खरी गोष्ट या ताटातच आहे.

मग पितृपक्षात खर्च होतच नाही का?

होतो, पण वेगळ्या दुकानात होतो. ज्या तिथीला माणूस गेला, त्या तिथीला त्याच्या नावानं जेवण घालायचं. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावस्येला. बायको नवऱ्याच्या आधी गेली असेल तर अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला सांगायची, जमेल तशी साडी-चोळी द्यायची.

ताटात भात, कढी, खीर, वडे, पाटवड्या, अळूची पातळ भाजी, गवार, भेंडी, कारलं, भोपळा. कावळ्याला घास, गाईला घास, मग भाऊबंदांची पंगत. प्रत्येक घराची पद्धत थोडी वेगळी, पण भाज्या जवळपास त्याच. सगळ्यांना एकाच पंधरवड्यात त्याच भाज्या लागल्या की भाव चढतात. गवार आणि कारल्याला वर्षभरात मिळत नाही इतका मान या दिवसांत मिळतो. दूध, तेल, डाळी, गूळ, पत्रावळ्या यांचीही विक्री होते.

म्हणजे सराफ्यात आणि शोरूममध्ये शांतता असते, तेव्हा भाजीमंडईत आणि किराणा दुकानात गर्दी असते. शिवाय बीडच्या बाजारात मुस्लिम, बौद्ध आणि पितृपक्ष न पाळणारे इतरही लोक आहेतच. त्यामुळं बाजार बंद पडत नाही. फक्त मोठ्या वस्तूंचा बाजार थांबतो.

मोठी खरेदी नको, हे आलं कुठून?

पितृपक्ष हा पितरांच्या स्मरणाचा काळ. त्यात लग्न, मुंज, गृहप्रवेश अशी मंगलकार्यं करत नाहीत. पण रोजच्या वापराची वस्तू घेऊ नये, असा काही नियम नाही, असं अनेक पुरोहितही सांगतात. मंगलकार्य नको, याचं पुढं खरेदीच नको असं झालं.

पण ही समजूत इतकी घट्ट का बसली, याचं उत्तर बीडसारख्या जिल्ह्यात श्रद्धेइतकंच पिकाच्या वेळापत्रकात सापडतं.

बघा, पोळा झाला. मागोमाग महालक्ष्म्या आल्या. मराठवाड्यात महालक्ष्म्यांचा खर्च म्हणजे वर्षातल्या मोठ्या खर्चांपैकी एक. त्यातून घर सावरत असतानाच पितरं बसतात. तेव्हा शेतात काय असतं? सोयाबीन शेंगा भरत किंवा पिवळं पडत उभं असतं. कापसाची पहिली वेचणी व्हायची असते. मूग-उडीद निघालेले असतात, पण त्यातून येणारा पैसा मोठा नसतो.

ऊसतोड कामगारांच्या घरांचं गणित आणखी वेगळं. बीड हा राज्यातला सर्वांत मोठ्या ऊसतोड स्थलांतराचा जिल्हा. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचं आणि हंगामभर तोडणी करून ती फेडायची. २०२५ चा गाळप हंगाम राज्य सरकारनं १ नोव्हेंबरपासून ठरवला होता.

थोडक्यात, पितृपक्षात पैसा खर्च होऊन गेलेला असतो आणि नवा यायचा असतो. अशा वेळी "पितरं बसलीत, आत्ता काही घेऊ नका" हे वाक्य घरातल्या कर्त्या माणसाच्या मदतीलाच येतं. पैसे नाहीत, असं सांगावं लागत नाही.

२०२५ मध्ये काय वेगळं झालं?

३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेनं दरकपात जाहीर केली. ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकली, छोट्या कार, एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. ट्रॅक्टर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पण हे दर लागू होणार होते २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेला. सर्वपित्री अमावस्या आदल्याच दिवशी.

त्यामुळं ज्याचा पितरांवर विश्वास नाही, तोही या वेळी थांबला. वाहन विक्रेत्यांच्या फाडा या संघटनेच्या आकड्यांनुसार नवरात्रात देशभरातली वाहनविक्री गेल्या नवरात्रापेक्षा सुमारे ३४ टक्क्यांनी वाढली. बातम्यांत हाच आकडा गाजला. पण अख्ख्या सप्टेंबर महिन्याची वाढ बघितली तर ती होती ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नवरात्रात दिसलेली बरीचशी गर्दी ही आधीच्या तीन आठवड्यांत थांबलेल्या लोकांची होती. यात पितरांचा वाटा किती आणि जीएसटीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण खरेदी बुडत नाही, पुढं सरकते, एवढं त्यातून दिसतं.

थांबण्याचा फायदा गाडी घेणाऱ्याला झाला. सोनं घेणाऱ्याला मात्र फटका बसला. सोन्यावरचा जीएसटी ३ टक्केच राहिला आणि भाव चढत गेला. पितृपक्ष संपायची वाट पाहून दसऱ्याला सोनं घेणाऱ्यांना तोळ्यामागं काही हजार रुपये जास्त मोजावे लागले. मुहूर्ताची किंमत असते, ती अशी.

आणि ज्यांची खरेदी पुढं सरकलीच नाही?

इथं बीडची गोष्ट देशाच्या आकड्यांपासून वेगळी होते. पितृपक्षातच जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. आष्टी, शिरूर कासार, गेवराई, माजलगाव अशा भागांत नद्यांचं पाणी शेतात आणि घरात शिरलं. पुढं जायकवाडीतून सोडलेल्या पाण्यानं गोदाकाठ भरला. उभं सोयाबीन सडलं, कापूस गेला, कुठं जमिनीची मातीच वाहून गेली.

केंद्रानं २०२५ मध्ये सोयाबीनला क्विंटलमागं ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर केला होता. पण हमीभाव मिळायला आधी घरात माल यावा लागतो. राज्य सरकारनं ७ ऑक्टोबरला ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ते प्रत्यक्ष खात्यावर कधी आणि किती येतं, यावर इथली दिवाळी ठरणार होती.

पितृपक्षात टाळलेली खरेदी दसऱ्याला होते, हे गणित दसऱ्याला हातात पैसा येईल या गृहीतकावर उभं आहे. शहरातल्या पगारदाराचं ते जुळलं. ज्याचं पीक पाण्यात गेलं, त्याचं जुळलं नाही. तिथीचं जेवण मात्र त्यालाही घालावं लागतं, कारण भावकी असते, गाव असतं. वस्तूंची खरेदी पुढं ढकलता येते, तिथी ढकलता येत नाही. म्हणून अशा वर्षी पितृपक्ष ज्याला जड जातो, तो शोरूमचा मालक नसतो. हातउसने घेऊन पंगत वाढणारं घर असतं.

मग हे बदलतंय का?

हळूहळू. काही घरं पंगत छोटी करतायत, कुणी त्या पैशातून शाळेला किंवा गरजूंना मदत करतंय. सरकारी कामं तर पंचांग बघून थांबत नाहीतच. कित्येक वर्षं वाट बघायला लावणारी अहिल्यानगर-बीड रेल्वे धावली ती १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, भर पितृपक्षात. कुणी तिला अशुभ म्हटलं नाही. बीडकर स्टेशनवर आनंदानं गेले.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. २०२६ मध्ये अधिक महिना आहे. त्यामुळं पितृपक्ष सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन १० ऑक्टोबरला संपेल. तेव्हा बऱ्याच ठिकाणी सोयाबीन काढणीला आलेलं असेल, काहींचं विकूनही झालेलं असेल. पाऊस नीट झाला, तर पितरं बसलेली असताना लोकांच्या हातात पैसा असेल. बाजार तेव्हाही थांबला तर कारण श्रद्धा आहे असं म्हणता येईल. नाही थांबला, तर इतकी वर्षं आपण पितरांच्या नावावर खपवत होतो तो रिकामा खिसा होता, हे मान्य करावं लागेल.