मेतकूट घेतलं, पत्ता घेतला का?

लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेली आई आता नाशिकमध्ये घरोघरी दिसते. निघायच्या आधी महिनाभर घरात नुसती धांदल. मेतकूट, गोडा मसाला, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा. बॅगेचं वजन तीन-तीनदा करायचं. पण मैत्रिणींनो, लेकीच्या घराचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवला का, असं विचारलं की निम्म्या जणी गप्प बसतात. "मोबाइलमध्ये आहे की! आणि मला एकटीला कुठं बाहेर पडायचंय?"

माझा आक्षेप आहे तो या दुसऱ्या वाक्याला.

2023 साली मी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीतल्या एडिसनला गेले होते. आई नाही, त्यामुळे माहेरपण माझ्याकडे. पहिले पंधरा दिवस मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. "ताई, शनिवारी गाडीनं जाऊ," असं बहीण म्हणायची. प्रेमानंच म्हणायची, पण सोमवारी संपलेल्या साबणासाठी शनिवारपर्यंत थांबायचं, हे नाशिकच्या बाईला कसं पटावं? एक दिवस निघालेच. वाहनं उजव्या बाजूनं धावतात, म्हणून आधी डावीकडे बघायचं, हे मनात घोकत चालले. सिग्नलपाशी मात्र नुसतीच उभी राहिले. चालणाऱ्यांचा दिवा काही लागेना. मागून आलेल्या एका आजोबांनी खांबावरचं बटण दाबलं, तेव्हा उमगलं.

दुकानात साबणाची किंमत लिहिली होती 2 डॉलर 99 सेंट. मी ऐटीत तीन डॉलर पुढे केले. मुलगी म्हणाली, 3 डॉलर 19 सेंट! आपल्याकडे एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, तिथं विक्रीकर गल्ल्यावर वर चढतो. न्यू जर्सीत तो 6.625 टक्के आहे. कपड्यांवर आणि बहुतेक किराण्यावर नाही, साबणावर आहे. आता सुटे शोधा. त्यांचं दहा सेंटचं नाणं पाच सेंटच्या नाण्यापेक्षा लहान आणि त्यावर दहाचा आकडाच नाही, नुसतं 'वन डाइम' लिहिलेलं. शेवटी तळहात पसरून तिच्यापुढे धरला. तिनं दोन लहान नाणी उचलली, एक सेंट परत दिला आणि हसली. मागं रांग होती, पण कुणी काही बोललं नाही. पिशवी मात्र माझ्याकडे होती, रविवार कारंज्यावर भाजीला नेते तीच कापडी. तिथं मे 2022 पासून दुकानात प्लॅस्टिकच्या पिशव्या देणं बंदच झालंय. तेवढ्या एका बाबतीत मी तयारीची निघाले!

औषधांचंही तसंच. आपलं पॅरासिटामॉल तिथं अ‍ॅसिटामिनोफेन या नावानं मिळतं. तारीख लिहिताना आधी महिना, मग दिवस. म्हणजे 05/08 हा 8 मे, 5 ऑगस्ट नव्हे. अशा गोष्टी कुणी सांगितल्या तर दोन मिनिटांत कळतात, नाही सांगितल्या तर माणूस घाबरून घरात बसतं.

एडिसनपासून जवळच रोझेल आहे. आनंदीबाई जोशी 1883 साली बोटीनं अमेरिकेत पोचल्या, तेव्हा आधी तिथंच कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. वय अवघं अठरा. नवरा बरोबर नव्हता. पुढे फिलाडेल्फियाला शिकताना थंडी, साडी आणि शाकाहार सांभाळत त्या रोजचं सगळं निभावत होत्या. 1886 मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. त्यांच्या पदवीचं कौतुक आपण करतोच. मला मात्र तिथं बसून वाटत होतं, या मुलीला पहिल्यांदा सुटे पैसे कुणी मोजायला शिकवले असतील?

बचत गटाच्या कामात मी एक गोष्ट नेहमी बघते. सातवी शिकलेली बाई बँकेत जाऊन साहेबाशी वाद घालून येते आणि बंगल्यातल्या पदवीधर वहिनींना स्वतःच्या खात्याची शाखा सांगता येत नाही. "ते सगळं हेच बघतात." अशा वहिनी सहा महिने अमेरिकेत राहून लेटरबॉक्सच्या पुढे गेलेल्या नसतात. त्यात देशाचा काय दोष?

आईचं एक वेळ ठीक, सहा महिन्यांनी ती परत येते. लग्न करून जाणाऱ्या मुलीचं काय? एका मुलीची आई माझ्याकडे आली होती. लेकीचा पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. बँकेत तिचं नाव नाही, बसचा रस्ता माहीत नाही. भांडण झालं तर जायचं कुठं? आपण लग्नात रुखवत मांडतो, शालूवर चर्चा करतो. पासपोर्ट तुझ्याजवळ ठेव, त्याची एक प्रत माहेरी दे, संकटात 911 फिरव, आपला वाणिज्य दूतावास कुठल्या शहरात आहे ते लिहून ने (न्यू जर्सीसाठी तो न्यूयॉर्कला आहे), हे सांगायला मात्र "अपशकुन नको" म्हणून कुणी धजत नाही. मला विचाराल तर हे न सांगणंच मोठा अपशकुन.

मुलांनाही एक सांगते. आईला शनिवारी गाडीतून फिरवता, छानच करता. पण पहिल्या आठवड्यात एकदा तिच्याबरोबर पायी दुकानापर्यंत जा, आणि दुसऱ्या वेळी तिला एकटीला पाठवा. चुकेल, चुकू दे.

आमच्या शेजारच्या काकू पुढच्या महिन्यात टोरांटोला निघाल्यात. त्यांची तयारी मी माझ्या पद्धतीनं सुरू केलीये. मागच्या आठवड्यात त्यांना सिटीलिंकच्या बसनं एकटीला बँकेत पाठवलं. उलट्या दिशेच्या बसमध्ये बसल्या, उतरल्या, विचारत विचारत पोचल्या आणि पासबुक भरून आल्या. आता एटीएम राहिलंय.