आई कुणाची, आजी कुणाची?



या अंकाची जुळवाजुळव करायला आम्ही पुरुषोत्तमनगरला बसलो होतो. इस्रायलमधल्या स्त्रियांविषयी लिहावे असे मी सुचवले आणि बैठक एकदम गप्प झाली. आमच्या शहादा तालुक्यात इस्रायल म्हटले की लोकांना आधी ठिबक सिंचन आठवते. साखर कारखान्याच्या परिसरात ऊस-केळी पिकवणारे शेतकरी या देशाचे नाव कौतुकाने घेतात. पण बायकांच्या बैठकीत ते नाव निघाले की आता गाझाच डोळ्यांपुढे येते. एका मैत्रिणीने सरळ विचारले, "ताई, तिथे बाया-पोरे ढिगाऱ्याखाली गेली, आणि आपण त्या देशातल्या बायकांच्या व्यथा छापायच्या?" दुसरी म्हणाली, "आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या बायांचे प्रश्न संपले का?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिला तर मनाला लागणारा आहे. म्हणून त्यांना टाळून पुढे न जाता हे संपादकीय त्यांचे उत्तर म्हणूनच लिहीत आहे. सुरुवात मात्र आपल्याच मराठी बायकांपासून करते.

कोकणात रायगड जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेला बेने इस्रायल समाज आपल्यापैकी अनेकींना ऐकून माहीत असेल. पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. घरात मराठी बोलायचे, आडनावे पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी. ज्यू धर्मग्रंथांतल्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तने रचली. मुंबईच्या कामा हॉस्पिटलची धुरा सांभाळणाऱ्या आणि १९६६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड याच समाजातल्या. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि पुढच्या काही दशकांत यातले बहुसंख्य लोक तिकडे गेले. दिमोना, बीरशेबा, लोद, रामला, अश्दोद या गावांत त्यांनी नवी घरे मांडली. आजही तिथल्या कित्येक आजीबाई मराठीत बोलतात. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तिथे निघाले.

धर्माच्या नावाने बोलावले, तेव्हा हे लोक आपल्या माणसांत म्हणून गेले. तिथे गेल्यावर मात्र त्यांचा रंग, त्यांची भाषा आणि त्यांच्या चालीरीती आड आल्या. भेदभावाला कंटाळून काहींनी परत पाठवा म्हणून आंदोलन केले आणि १९५२ मध्ये शंभरावर माणसे भारतात परतली. त्यांतल्या अनेकांनी पुढे पुन्हा तिकडे जाण्याचा प्रयत्न केला, हेही खरे. पण सगळ्यांत कठीण घाव लग्नाच्या प्रश्नावर बसला.

इस्रायलमध्ये ज्यूंचे लग्न आणि घटस्फोट हे विषय १९५३ च्या कायद्याने धर्मन्यायालयांकडे दिलेले आहेत. काही रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, बेने इस्रायल तरुण-तरुणींची इतर ज्यूंशी लग्ने लावायला नकार दिला. १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने आदेश काढला, की अशा अर्जदाराच्या आईची, आजीची, पणजीची, शक्य तितके मागे जाऊन चौकशी करावी. ती खरोखर ज्यू होती का, आणि तिचे आधी लग्न होऊन रीतसर घटस्फोट न होता दुसरे लग्न झाले होते का, हे तपासावे. कारण काय, तर कोकणात राहिलेल्या या लोकांना घटस्फोटाचे धर्मनियम ठाऊक नव्हते, म्हणून त्यांच्या रक्तात खोट असू शकते!

हा नियम नीट समजून घेऊ या. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे विवाहित स्त्रीला धार्मिक घटस्फोट न मिळता परपुरुषापासून मूल झाले, तर त्या मुलावर पिढ्यान् पिढ्या कलंक लागतो आणि इतर ज्यूंशी त्याचे लग्न होऊ शकत नाही. विवाहित पुरुषाला एखाद्या अविवाहित स्त्रीपासून मूल झाले, तर तो कलंक त्या मुलाला लागत नाही. म्हणजे संशय एका समाजावर आणि झडती त्या समाजाच्या बायकांची. कुळाची शुद्धता राखायची ती बाईने आणि तिचा पुरावा द्यायचा तोही बाईने. आपल्याकडे जातीचा दाखला बापाच्या नावावर निघतो, पण जातीबाहेर लग्न झाले की जाब आईला विचारला जातो. हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

बेने इस्रायल गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून कुटुंबेच्या कुटुंबे मुलाबाळांसह जेरुसलेमला जमली आणि धरणे धरून बसली. ऑगस्टमध्ये संसदेला या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतरांत भेद करता येणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. धर्मपीठाने आदेशातून त्यांचे नाव काढले. मात्र ज्याच्याविषयी शंका असेल त्याची चौकशी करण्याची मुभा ठेवलीच. समाजाचा अपमान थांबला, पण ज्या कायद्यातून तो अपमान आला तो कायदा जागेवरच राहिला.

त्या कायद्याखाली ज्यू स्त्रीला घटस्फोट हवा असेल तर नवऱ्याने स्वखुशीने 'गेट' नावाचे घटस्फोटपत्र तिच्या हाती द्यावे लागते. त्याने दिले नाही तर ती अडकून पडते. अशा बाईला 'अगुना', म्हणजे बांधून ठेवलेली, असा शब्द आहे. घटस्फोटपत्राच्या बदल्यात पोटगी सोड, घर सोड, असा सौदा नवरे करतात. १९९५ मध्ये कायदा झाला आणि असे पत्र देण्याचा हुकूम न पाळणाऱ्या नवऱ्याचा वाहन परवाना, पासपोर्ट, बँक खाते रोखण्याचा, प्रसंगी त्याला तुरुंगात टाकण्याचा अधिकार धर्मन्यायालयांना मिळाला. पण या न्यायालयांत न्यायाधीशाच्या आसनावर पुरुषच बसत आले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात परित्यक्तांचा प्रश्न चळवळीने हाती घेतला तेव्हा 'ना सवाष्ण, ना मोकळी' अशा ज्या बाया पुढे आल्या, त्या आणि या अगुना सख्ख्या बहिणी शोभतील.

हे केवळ ज्यू स्त्रीचेच नाही. तिथल्या मुस्लिम, ख्रिस्ती आणि द्रुझ स्त्रियांची लग्ने आणि घटस्फोटही त्या त्या धर्माच्या न्यायालयांत चालतात. ही व्यवस्था तुर्कांच्या राज्यापासूनची, इंग्रजांनी ती ठेवली आणि नव्या राज्याने ती उचलली. १९५१ मध्ये स्त्रियांच्या समान हक्कांचा कायदा झाला, तेव्हा लग्न आणि घटस्फोट त्यातून वगळले गेले. पुढे १९६९ ते १९७४ अशी पाच वर्षे गोल्डा मेयर पंतप्रधान होत्या, तरी या गाठीला हात लागला नाही. गादीवर बाई बसली म्हणजे घरातल्या बाईचे दिवस पालटतात असे नाही, हे इंदिराबाईंचा काळ पाहिलेल्या महाराष्ट्राला माहीत आहे. बदल घडला तो खालून. अरब स्त्री-संघटनांनी नेट लावला, म्हणून २००१ मध्ये मुस्लिम आणि ख्रिस्ती स्त्रियांना पोटगीसारख्या बाबतीत धर्मन्यायालयाऐवजी दिवाणी कुटुंब न्यायालयात जाण्याची वाट मिळाली. २०१७ मध्ये हना खतीब या तिथल्या शरीयत न्यायालयाच्या पहिल्या महिला काझी झाल्या.

आता इतर आवाजांकडे वळू. मोरोक्को, इराक, येमेन अशा देशांतून आलेल्या ज्यूंना युरोपातून आलेल्यांनी बरोबरीचे मानले नाही. त्यांच्या तरुणांनी १९७१ मध्ये जेरुसलेमच्या मुसरारा वस्तीत 'ब्लॅक पँथर्स' उभी केली. नाव अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संघटनेवरून घेतलेले. त्याच नावावरून पुढच्या वर्षी मुंबईत दलित पँथर जन्मली. पुढे या समाजातल्या स्त्रियांनी आपल्या देशातल्या स्त्रीवादी बायकांना विचारले, की तुमच्या मंचावर नेहमी गोऱ्या, शिकलेल्या बायकाच का बोलतात? हा प्रश्न आपल्याकडे दलित भगिनींनी विचारला तेव्हा आपल्यापैकी कितीजणींना राग आला होता, ते आठवून पाहा.

इथिओपियातून १९८४ आणि १९९१ मध्ये मोठ्या संख्येने आणलेल्या ज्यूंची कथा आणखी कडू आहे. या समाजातल्या स्त्रियांना डेपो-प्रोव्हेरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन पुरेशी माहिती न देता दिले जाते, हे २०१२ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमातून पुढे आले. बाईला परिणाम समजले नसतील तर इंजेक्शन पुन्हा देऊ नका, अशी सूचना जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याला डॉक्टरांना द्यावी लागली. आपल्या जुन्या वाचकांना १९८६ आठवेल. नेट-एन इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती आणि महाराष्ट्रातल्या गटांनीही त्या मोहिमेत भाग घेतला होता. देश वेगळा, धर्म वेगळा, पण न विचारता सुई टोचली जाते ती गरीब आणि सावळ्या बाईच्याच दंडात.

आणि पॅलेस्टिनी स्त्रिया? इस्रायलच्या लोकसंख्येत साधारण पाचवा हिस्सा अरब नागरिकांचा आहे. १९४८ ते १९६६ त्यांच्या गावांवर लष्करी अंमल होता. गावाबाहेर जायचे तर परवाना लागे. तिथल्या संसदेत पहिली अरब स्त्री, हुस्निया जबारा, १९९९ मध्ये पोचली. २०१८ च्या कायद्याने अरबी भाषेचा अधिकृत भाषेचा दर्जा काढून घेतला. पावरी आणि भिलोरी बोलणाऱ्या आमच्या पोरींना शाळेच्या पहिल्याच दिवशी आपली भाषा दाराबाहेर ठेवावी लागते, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. १९६७ पासून ताब्यातल्या प्रदेशात राहणाऱ्या पॅलेस्टिनी स्त्रियांना तर मतदानाचाही हक्क नाही. हे आवाज सारख्या वजनाचे नाहीत. एकीला कायद्याशी भांडता येते, दुसरीला नाक्यावरच्या बंदुकीसमोर उभे राहावे लागते. विविधतेच्या गोड चित्रात हा फरक बुडवायचा नाही.

हा फरक ओळखणाऱ्या स्त्रिया खुद्द इस्रायलमध्येही आहेत. जानेवारी १९८८ पासून जेरुसलेमच्या चौकात काही जणी दर शुक्रवारी काळे कपडे घालून, 'ताबा संपवा' असा फलक घेऊन मूकपणे उभ्या राहू लागल्या. येणारे-जाणारे त्यांना देशद्रोही म्हणत, घाणेरड्या शिव्या देत. त्यांचे पाहून बेलग्रेडपासून बंगळूरपर्यंत 'विमेन इन ब्लॅक' उभ्या राहिल्या. २०१४ च्या गाझा युद्धानंतर 'विमेन वेज पीस' ही संघटना निघाली, आणि २०२१ मध्ये पॅलेस्टिनी स्त्रियांची 'विमेन ऑफ द सन'. दोघींनी मिळून ४ ऑक्टोबर २०२३ रोजी जेरुसलेममध्ये आणि मृत समुद्राच्या काठी मेळावा घेतला. तीनच दिवसांनी हमासचा हल्ला झाला. त्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली. 'विमेन वेज पीस'च्या संस्थापकांपैकी एक, विवियन सिल्व्हर, बेरी या वस्तीतल्या आपल्या घरात मारल्या गेल्या. त्यानंतरच्या युद्धात गाझात साठ हजारांहून अधिक माणसे गेल्याची नोंद तिथल्या आरोग्य खात्याने केली. आपल्या आईच्या नावाने सूड नको, असे विवियन यांच्या मुलाने जाहीरपणे सांगितले. पण त्याच देशात युद्धाला पाठिंबा देणाऱ्या आणि गणवेश घालून ते लढणाऱ्या स्त्रियाही पुष्कळ आहेत. बाई आहे म्हणून ती शांततेच्याच बाजूची असते, असा भाबडेपणा आपण करू नये.

आता बैठकीतल्या पहिल्या प्रश्नाकडे येते. त्या देशातले निरनिराळे आवाज ऐकणे म्हणजे गाझातला अन्याय सौम्य करणे नाही. प्रत्येक सत्ता म्हणते, की आम्ही साऱ्या समाजाच्या वतीने बोलतो. बायकांचे आवाज ऐकले की तो दावा खोटा पडतो. युद्ध करणाऱ्या सरकारचा निषेध करताना 'ते लोकच तसले' हे वाक्य आपल्या तोंडी आले, तर आपण त्या सरकारचा दावाच मान्य करतो. आणि 'ते लोकच तसले' हे वाक्य आपल्याकडे आधी कोणाविषयी म्हटले जाते, ते या जिल्ह्यातल्या मुस्लिम आणि आदिवासी मैत्रिणींना विचारावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मातीत आहे. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली ती जमीन आणि मजुरीसाठी. त्याच लढ्यातल्या आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली आणि नवऱ्याच्या मारहाणीचा विषय चव्हाट्यावर आणला. घरातले प्रश्न काढले तर एकी मोडेल, हा सल्ला जगातल्या प्रत्येक चळवळीत बायकांना मिळाला आहे. शहाद्याच्या बायांनी तो मानला नाही, आणि त्यामुळे लढा दुबळा झाला नाही. आज हिंदू विवाह आणि वारसा कायदे आदिवासींना लागू नाहीत. काडीमोड, देज आणि जमिनीतला वाटा हे सारे रूढीवर आणि पंचांच्या शब्दावर ठरते. त्या पंचांत बाई बसत नाही. एकटी, जमीनवाली बाई 'डाकीण' ठरते. वरून एकच कायदा लादला की आदिवासी समाजाला आपली ओळख जाईल अशी भीती वाटते. रूढी तशीच ठेवली तर बाई जाते. या पेचातून वाट काढायची तर तोडगा ठरवताना त्या बाईला समोर बसवावे लागेल. बेने इस्रायलांच्या बाबतीत संसदेत आणि धर्मपीठात पुरुषांनी पुरुषांशी तडजोड केली. समाजाचे नाव आदेशातून निघाले, पण आईची झडती कायम राहिली. आपल्याकडे असे होऊ देऊ नये.

म्हणून एक विनंती. पुढच्या अंकासाठी तुमच्या गटात बसून एवढेच लिहून पाठवा: तुमच्या जमातीच्या किंवा जातीच्या पंचांसमोर शेवटचा काडीमोड झाला तेव्हा बाईला बोलू दिले का, आणि ती काय म्हणाली. तिची परवानगी घ्या, नाव-गाव देऊ नका, पण तिचे शब्द तिच्याच बोलीत द्या. आम्ही ते जसेच्या तसे छापू.

– संपादक मंडळासाठी, पुरुषोत्तमनगर